पिंपळथडीच्या पाण्याचा आकडा

रावेर
८ ऑगस्ट २०२४

भाविका,

पत्ता हितेंद्ररावांनी दिला. म्हणाले, "फोन करू नका अक्का. तुमचा फोन वाजला की ती उचलत नाही आणि मग दिवसभर जेवत नाही." म्हणून पत्र. पोस्टातला माणूस पाकिटाकडे बघून म्हणाला, "ताई, आता पत्रं फक्त कोर्टाची येतात."

तुम्ही दोघं धुळ्याला गेलात, देवपूरला खोली मिळाली, हितेंद्ररावांना मोटर वाइंडिंगच्या दुकानात काम लागलं. तुझ्याबद्दल मला इतकंच माहीत आहे. सख्खी बहीण असून.

एकोणीस मेबद्दल लिहिते. बाळाला माती देऊन पुरुषमंडळी परत आली, बायका अंगणात बसल्या होत्या, आणि तुझ्या सासूबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "अंगावरचं पाजलं असतं तं पोरगं वाचलं असतं. बाटलीनं खाल्लं त्याले." तू भिंतीला टेकून बसली होतीस. तू मान वर केलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. दोन्ही घरांत विज्ञान शिकलेली मी एकटी. मी म्हणायला हवं होतं, मंदाबाई, असं नसतं, तिला दूध येत नव्हतं त्याला ती काय करणार. मी चहाचे कप गोळा करायला लागले. आठ कप होते. ते घेऊन आत गेले आणि बराच वेळ विसळत राहिले.

मी बाहेर आले तेव्हा तू पाठ फिरवली होतीस. तेव्हापासून बोलली नाहीस.

माझं काम तुला मी कधी नीट सांगितलं नाही. गावागावांतून पाण्याच्या बाटल्या आमच्या प्रयोगशाळेत येतात. मी तपासते, आकडे रजिस्टरला लिहिते. महिनाअखेर ती पानं स्कॅन होऊन सरकारी वेबसाइटवर चढतात. सगळं खुलं आहे, कोणीही बघावं. फक्त तिथे गावाचं नाव नसतं, लांबलचक क्रमांक असतो. मागच्या आठवड्यात मी मार्चची पानं उघडून बघितली. वाकडी आलेली, अर्ध्या पानावर कोणाच्या तरी अंगठ्याची सावली. एका ओळीत नायट्रेट १६८. मर्यादा ४५ आहे. तो क्रमांक कोणत्या गावाचा हे शोधायला मला दोन दिवस लागले. पिंपळथडी. तुमच्या गल्लीतला बोअर.

केळीला युरिया पडतो, पाण्याबरोबर जमिनीत उतरतो आणि बोअरमधून परत वर येतो. मोठ्या माणसाला ते लगेच जाणवत नाही. पण सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याचं रक्त प्राणवायू धरून ठेवू शकत नाही. ओठ जांभळे पडतात, नखं जांभळी पडतात. जळगावच्या दवाखान्यात हृदय कमजोर असं लिहून दिलं होतं. तपासणी झालीच नाही, त्यामुळे मी शपथेवर काही सांगू शकत नाही. पण तुझ्या बाटलीचा दोष नव्हता, तुझाही नव्हता. पाण्याचा होता.

मला माहीत नव्हतं गं. नुसता क्रमांक होता.

तुझी,
अक्का


रावेर
१७ ऑक्टोबर २०२४

भाविका,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं होतं.

वेबसाइटवर क्रमांक असतो हे खरं. पण माझ्याकडे जी बाटली येते तिच्यावर चिकटपट्टी असते आणि तिच्यावर गावाचं नाव असतं. निंब्याच्या हाताचं. निंबा म्हणजे तुमच्याकडचा जलसुरक्षक, सायकलला पिशव्या अडकवून सात गावांतून पाण्याच्या बाटल्या भरून आणतो तो. अकरा मार्चला त्यानं ठेवलेल्या बाटलीवर निळ्या पेनानं "पिंपळथडी, मारुती गल्ली" लिहिलं होतं. मी ते वाचलं. मनात म्हटलं, अरे, भाविकाची गल्ली. मग आकडा आला, मी तो लाल पेनानं लिहिला, पान उलटलं आणि पुढची बाटली घेतली. त्या दिवशी चौतीस बाटल्या होत्या.

लाल आकडा लिहिला की वर जातो. वरून ग्रामपंचायतीला पत्र जातं, ग्रामपंचायत बोअरवर फलक लावते. असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. नऊ वर्षांत मी असा फलक एकदाही पाहिला नाही आणि कोणाला विचारलंही नाही.

आणखी एक. दवाखान्यात नर्स दुसरीला म्हणत होती, "रक्त बघ कसं काळपट आलं." मी तिथेच होते, पाण्याची बाटली घेऊन दाराशी उभी. मला तेव्हाच कळलं. ऑगस्टमध्ये क्रमांक शोधायला दोन दिवस लागले असं लिहिलं ना, ते मी फक्त कागदावर खात्री करत होते. अंगणात मी कप गोळा केले ते कळलेलं होतं म्हणून.

हे लिहून झाल्यावर मी उठून दोनदा दाराची कडी बघून आले. कशासाठी, ते माहीत नाही.

आता मी एक काम काढलं आहे. बसस्टँडसमोर नासीरचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, कॉलेजचे अर्ज, सगळं तो करतो. त्याच्याकडे मी वेबसाइटवरची चार वर्षांची पानं घेऊन गेले आणि विचारलं, यातून कोणाला वाचता येईल असं काही निघेल का?

त्यानं पानं वर-खाली करून पाहिली. "ताई, हे फोटो आहेत. यात शोधता येत नाही, बेरीज होत नाही. हाताने टाइप करावं लागेल. आणि गावाची नावं?"

"ती दुसऱ्या खात्याच्या यादीत आहेत."

ती यादी त्यानं उघडली. इंग्रजीत. पिंपळथडीचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचं. नासीर हसला आणि म्हणाला, "सरकारने दार उघडं ठेवलं आहे ताई. पण घर कुठे ते सांगितलं नाही."

मग गंभीर झाला. त्याची बहीण जीनत पिंपळथडीतच दिलेली आहे, तिचा नवरा केळीच्या ट्रॅक्टरवर असतो. तिला दिवस गेले आहेत. मी त्याला तुझ्याबद्दल सांगितलं नाही. पाणी खराब आहे इतकंच सांगितलं. तो म्हणाला, "रोज संध्याकाळी एक तास. मी टाइप करतो, तुम्ही वाचून दाखवा."

आतापर्यंत तीनशे ओळी झाल्या. मी क्रमांक वाचते, तो मारतो. मधेच एखादा लाल आकडा आला की मी थांबते. तो विचारत नाही.

अक्का


रावेर
२ फेब्रुवारी २०२५

भाविका,

अकराशे ओळी पूर्ण झाल्या. प्रत्येक ओळीला गाव, गल्ली, तारीख, आकडा. तालुक्यातले एकसष्ट बोअर मर्यादेच्या वर आहेत. हे एकसष्ट मी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या पानांवर स्वतः लिहिलेले. एका पडद्यावर एकाखाली एक दिसले तेव्हा मी ते परत पहिल्यापासून मोजले.

नासीरनं प्रत्येक गावाचा एक कागद केला. वर गावाचं नाव, खाली बोअर, लाल किंवा हिरवा ठिपका, आणि एक ओळ: "लाल ठिपक्याचं पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाले देऊ नका." बाळाले की बाळाला यावर आमचा वाद झाला. तो म्हणाला, बाई जशी बोलते तसं लिहू. अंगणवाडीत, किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत आम्ही ते चिकटवले. रविवारी त्याच्या मोटारसायकलवरून फिरलो.

तुझ्या गावाला शेवटी गेले. धैर्य होत नव्हतं. मारुती गल्लीत तुमच्या घराला कुलूप होतं. मंदाबाई शेजारी पापड वाळवत होत्या. मी बोअरच्या खांबाला कागद चिकटवत असताना त्या येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. विचारलं, "काय लिव्हेल हाये?"

मी वाचून दाखवलं.

त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पन्नास वर्स झाले, हेच पानी पिऊ राह्यलो आम्ही. माझे चार पोरं याच गावात वाढले." आणि मागोमाग, "तेव्हा वरचं दूध कुठी होतं म्हना." मला वाटलं आता त्या तुझं नाव घेतील. घेतलं नाही. पापड उलटायला गेल्या. मी तिथेच सांगायला हवं होतं की माझी बहीण निर्दोष आहे. ओठांपर्यंत आलं होतं. पुन्हा नाही सांगितलं.

उपसरपंच भाईदासभाऊ तावातावानं आले. "ताई, केळीचे व्यापारी गावात येतात. पाण्याचा बोभाटा झाला तर उद्या म्हणतील तुमची केळी पण विषारी. पोरांची लग्नं व्हायची आहेत." मी म्हटलं, भाऊ, ही माहिती सरकारचीच आहे, वेबसाइटवर आहे. "मग तिथंच राहू द्या ना!" ते म्हणाले. "तिथं तिचा कोणाले त्रास होता?"

पण खरं अडवलं ते जीनतनं. आठवा महिना, कमरेवर हात ठेवून आली. कागद पूर्ण वाचला. ती मला ताईऐवजी बाजी म्हणते. म्हणाली, "बाजी, हे पाणी नको ते समजलं. मग कोणतं पाजू? ते लिहा ना. नाही पाजायचं ते लिहिलं आणि पाजायचं ते लिहिलं नाही, याला काय करू मी?"

भाविका, इतक्या महिन्यांत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मी तिथल्या तिथे यादी काढली. पिंपळथडीत एकच हिरवा ठिपका होता, शाळेमागची विहीर. नायट्रेट १९. मी तिच्या कागदावर त्याच्याभोवती गोल केला आणि म्हटलं, हे पाज. हे चांगलं आहे.

तिनं कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

परत येताना मला पहिल्यांदा वाटलं की तुला तोंड दाखवता येईल.

अक्का


रावेर
३० एप्रिल २०२५

भाविका,

जीनतला मुलगा झाला, हसनैन. तिलाही दूध कमी. ती रोज शाळेमागच्या विहिरीवरून कळशी आणायची. अर्धा किलोमीटर, ओली बाळंतीण, माझ्या सांगण्यावरून. गल्लीतला बोअर दारात असताना.

बावीस एप्रिलला सकाळी नासीरचा फोन आला. "ताई, पोराचे ओठ निळे झालेत."

मी पिंपळथडीला गेले तेव्हा ते जळगावच्या वाटेवर होते. मी एसटीनं मागून पोहोचले. दवाखान्यात नासीर डॉक्टरांसमोर आमचा तो कागद धरून उभा होता. "डॉक्टरसाहेब, हे नायट्रेट बघा, आमच्या गावात हे आहे, याने बाळ निळं पडतं असं ह्या ताई सांगतात." डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद वाचला, एक थेंब रक्त काढून पांढऱ्या कागदावर टाकलं. तपकिरी. हवा लागूनही तपकिरीच राहिलं. ते पळत आत गेले. एक निळं इंजेक्शन असतं. ते हळूहळू दिलं.

मी काचेतून बघत होते. तासाभरात त्याच्या पायाच्या तळव्यांना रंग आला. आधी तळवे, मग कान, मग ओठ. गुलाबी. तो रडला. जीनत जमिनीवर बसली आणि तिनं माझे पाय धरले.

एका इंजेक्शनचं काम होतं, भावी. कोणीतरी कागद पुढे करायचा होता. तुझ्या बाळाच्या वेळी मी त्याच दवाखान्यात, दाराशी पाण्याची बाटली घेऊन उभी होते. माझ्या तोंडात नायट्रेट हा शब्द होता.

जीनतला वाटतं माझ्या कागदामुळे तिचं पोर वाचलं. नासीरनं मात्र बाहेर नेऊन विचारलं, "ताई, विहीर हिरवी होती ना? मग हे झालं कशानं?"

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बाटली आणि दोर घेऊन शाळेमागच्या विहिरीवर गेले. पाणी काढलं, तपासलं. १४२.

निंबाला बोलावलं. तो दारातच उभा राहिला, आत येईना. "अक्का, त्या विहिरीवर दोर नव्हता, बादली नव्हती. सात गावं, एक सायकल, माझं गुडघं असं. म्हटलं एक बाटली कमी पडली तर साहेब ओरडतील."

"मग बाटली कुठे भरलीस?"

तो खाली बघत म्हणाला, "इथीच. तुमच्या नळावर."

आमच्या प्रयोगशाळेच्या नळावर. पिंपळथडीची विहीर म्हणून मी माझ्याच बेसिनचं पाणी तपासलं होतं. आकडा बरोबरच होता. आमचं पाणी चांगलं आहे.

मी त्याला विचारलं, असं किती वेळा केलंस? तो म्हणाला, आठवत नाही. मी विचारलं, बाकीचे करतात का? तो गुडघा चोळत राहिला. रागावता आलं नाही मला त्याच्यावर. पाणी दे म्हटलं तर घोटभर प्यायला आणि गेला.

आता ते लिहिते जे मी पहिल्या पत्रापासून टाळते आहे.

सत्तावीस मार्चला तुझा फोन आला होता. बाळ पंधरा दिवसांचं होतं. तू म्हणालीस, "अक्का, दूध पुरत नाही, डॉक्टरनं पावडर दिली आहे. पाणी कोणतं वापरू?" तू विचारलं होतंस. कोणतं, असं विचारलं होतंस. अकरा मार्चचा आकडा माझ्या रजिस्टरला होता, सोळा दिवस जुना, माझ्या अक्षरात. मी बाजारात होते, हातात मेथीची जुडी होती. मी म्हटलं, "उकळून घे. चांगलं वीस मिनिटं उकळ, म्हणजे काळजी नाही."

उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं. म्हणजे घट्ट होतं. हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं ज्ञान आहे.

तू माझं कधी मोडलं नाहीस. वीस मिनिटं म्हटलं तर तू वीस मिनिटं घड्याळ लावून उकळलं असणार. दोन महिने. दिवसातून सहा वेळा.

का
(अक्का लिहवत नाही, नावही पूर्ण लिहवत नाही.)


रावेर
१४ जुलै २०२५

भाविका,

नोकरी गेली. कंत्राट जूनअखेर संपलं, पुढचं निघालं नाही. त्याआधी साहेबांनी बोलावून घेतलं होतं. टेबलावर आमचे पाच-सहा कागद होते, भिंतीवरून खरवडून काढलेले.

"मॅडम, ही माहिती आधीपासून खुलीच होती ना?"

"हो साहेब."

"मग तुम्ही वेगळं काय केलंत?"

"गावाचं नाव लिहिलं."

"आणि त्यातली एक नोंद चुकीची. एक मूल मरता मरता वाचलं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही लोकांना सांगितलंत हे पाणी प्या. खात्यानं असं कधी कोणाला सांगितलं होतं का?"

तो माणूस वाईट नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते. निंबाला काढलं नाही हे बरं झालं. त्याच्या जागी यायला कोणी तयार नाही म्हणे.

आता वेबसाइट उघडली की आधी नाव आणि पासवर्ड मागते. अधिकृत वापरासाठी, असं लिहिलं आहे. वाकडी पानंसुद्धा दिसत नाहीत. मी नासीरकडे गेले. म्हटलं, आपल्याकडे अकराशे ओळी आहेत, त्या तरी ठेवू. चूक दुरुस्त करू, गावोगाव परत बाटल्या भरू.

त्यानं दुकानातलं गिऱ्हाईक जाऊ दिलं. मग म्हणाला, "ताई, एक ओळ खोटी निघाली. उरलेल्यांत खऱ्या किती, सांगता येईल तुम्हाला?"

मी नाही म्हटलं.

"मग मी उद्या कोणाच्या घरी कागद देऊ? माझ्या बहिणीच्या घरी दिला तो पुरे." त्यानं माझ्यासमोर फाइल पुसली. चहा मागवला. मी प्यायले. जीनतच्या घरी आता रावेरहून जारचं पाणी येतं, ट्रॅक्टरवर. बाकीची गल्ली बोअरवरच आहे. खांबावर कागदाच्या डिंकाचा डाग आहे, तेवढा.

जाताना तो म्हणाला, "तुमच्या बहिणीचं मला जीनतनं सांगितलं. तुम्ही आधीच सांगायचं होतं, ताई." मी पायरी उतरले.

परवा मी देवपूरला आले होते.

तुला कळलं असेलच. सकाळच्या गाडीनं धुळ्याला, मग रिक्षानं पांझरा ओलांडून. तुमचे घरमालक वना आबा ओट्यावर बसले होते. मी नाव सांगितलं. ते आत जाऊन आले. "पोर घरमाच शे," ते म्हणाले, "पन भेटाले नही म्हनस. रडी ऱ्हायनी. तुम्ही जा माय. तिले सातवा महिना शे, तरास नको."

तू आत रडत होतीस, भेटणार नव्हतीस. सातवा महिना. हे मला वना आबांकडून कळलं.

मी विचारलं, "आबा, पाणी कुठलं भरता तुम्ही?"

त्यांना प्रश्न विचित्र वाटला. "नळले आठ दिन म्हा एकदाव येस. मधमा बोअरच शे ना. बठ्ठी गल्ली तेच पेस." म्हणजे नळ आठ दिवसांतून एकदा, एरवी सगळी गल्ली बोअरचंच पिते.

मग ते आत गेले आणि हातात काहीतरी घेऊन आले. एक पाकीट. एप्रिलमधलं, माझंच. पोस्टमन परत न्यायला विसरला होता. फोडलेलं नव्हतं.

पहिली तिन्ही परत आली आहेत, भाविका. "घेण्यास नकार" असा शेरा मारून. माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहेत. पहिलं नवव्या दिवशीच आलं होतं. मला ठाऊक होतं की तू वाचत नाहीस, आणि तरी लिहीत राहिले. खरं सांगायचं तर म्हणूनच लिहू शकले. तू फोडणार असतीस तर ते मेथीच्या जुडीचं माझ्या हातून कागदावर उतरलं नसतं. वर्षभर मी तुला पत्रं लिहिली असं म्हणते, पण त्यातलं एक अक्षर तुझ्यापर्यंत गेलं नाही. माझं रजिस्टरही असंच होतं. लिहून झालं की मला बरं वाटायचं.

येताना बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी एकच हिशेब करत होते. तुझा सातवा, म्हणजे सप्टेंबर. तुझ्या गल्लीतल्या बोअरचा आकडा कोणाकडे तरी असेल. कुठल्या तरी पानावर, कुठल्या तरी क्रमांकापुढे. मला तो आता बघता येत नाही. पाहिला तरी बाटली कुठल्या नळावर भरली ते कळणार नाही. आणि तुला जर दूध आलं नाही, तर तू पाणी उकळशील. वीस मिनिटं. कारण अक्कानं सांगितलं होतं.

या पत्रात क्षमा मागायची होती. चार ओळी लिहून खोडल्या. तू हे वाचणार नाहीस, आणि वाचलंस तरी तुझ्या काय उपयोगाचं आहे ते?

हे पाकीट पोस्टात टाकणार नाही. पोस्टातून मी एक साधं कार्ड आणलं आहे. कार्ड फोडावं लागत नाही. पोस्टमन वाचेल, वना आबा वाचतील, गल्लीतली कोणी बाई वाचेल, कोणीतरी तुला ऐकवेल. त्यावर माझं नाव घालणार नाही. अक्षर तू ओळखशील म्हणून शेजारच्या मुलीकडून लिहून घेते. ती विचारेल कोणाला, तर सांगेन, गावाकडे.

कामिनी


[पोस्टकार्ड. १५ जुलै २०२५]

सौ. भाविका हितेंद्र चौधरी
द्वारा वना आबा, देवपूर, धुळे

ज्याच्या हाती पडेल त्यानं मोठ्यानं वाचून दाखवावं.

बाळाला अंगावरचं दूध द्यावं. वरचं द्यायची वेळ आली तर न तपासलेलं बोअरचं पाणी वापरू नये, उकळूनही नाही. उकळल्यानं नायट्रेट जात नाही, वाढतं. बोअरचं पाणी आधी तपासून घ्यावं, आणि बाटली स्वतः, बोअरवरच उभं राहून भरावी. दुसऱ्यावर सोडू नये.

बाळाचे ओठ किंवा नखं जांभळी दिसली तर वाट बघू नये. दवाखान्यात गेल्या गेल्या डॉक्टरांना "नायट्रेट" हा शब्द सांगावा. त्यावर इंजेक्शन आहे. बाळ तासाभरात गुलाबी होतं.

हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.